लिटल मॉर्टन हॉल (चेशायर): लाकडी सांगाड्याचं घर आणि बाग, काय आणि कुठून पाहावं

उंबरठा

इंग्लंडमधल्या ‘वीकेंडला कुठे जाऊ’ छापाच्या धाग्यांवर लिटल मॉर्टन हॉलचं नाव सारखं येतं आणि त्याखाली ठरलेला प्रतिसाद असतो, ‘फोटो मस्त येतात’. येतात, वादच नाही. पण पाचशे वर्षांचं लाकडी घर भार कुठे पेलतंय आणि कुठे हार खातंय हे इतकं उघड दुसरीकडे क्वचित दिसतं. ते बघायचं सोडून नुसते फोटो काढून परत येणं म्हणजे तिकीट वाया. म्हणून वेगळा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे टोकावं.

आधी जुजबी माहिती. घर काँगल्टनच्या नैर्ऋत्येला चारेक मैलांवर, ए३४ रस्त्यालगत. विल्यम मॉर्टन नावाच्या बड्या जमीनदाराने १५०४ ते १५०८ च्या सुमारास पहिला भाग बांधला, पुढच्या पिढ्यांनी १६१० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. यादवी युद्धात मॉर्टन मंडळी राजाच्या बाजूची आणि आजूबाजूचा मुलूख पार्लमेंटचा. १६४३ मध्ये मालमत्ता जप्त झाली, घरात सैनिक राहिले. नंतर ती परत मिळाली तरी घराण्याची घडी पुन्हा बसली नाही आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून घर कुळांकडे गेलं. माझ्या मते घर वाचलं ते याचमुळे. हातात पैसा असता तर जॉर्जियन काळात (अठराव्या शतकात) कुणीतरी ते पाडून विटांची हवेली उभी केली असती. १९३८ पासून ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

पाहण्याचा क्रम महत्त्वाचा. गाडी लावली की सगळे थेट पुलावरून आत शिरतात. तसं करू नका. आधी खंदकाच्या बाहेरून दक्षिणेची बाजू नीट बघा. खंदक ३३ फूट रुंद, आतलं बेट जेमतेम एकरभर. समोर तीन मजले दिसतात आणि सगळ्यांत वर खिडक्यांची सलग पट्टी. ती लाँग गॅलरी, म्हणजे वरचं लांबलचक दालन. आता तिच्याखालच्या मजल्यांच्या आडव्या तुळया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने धरा. कुठे झोल आहे, कुठे भिंत बाहेर फुगली आहे, कुठला खांब कलला आहे, हे मनाशी पक्कं करा आणि मगच आत जा. आतून तेच ठिकाण शोधायचं.

पूल दगडी, त्यापुढे देवडी, मग गोट्यांची फरसबंदी असलेला छोटा चौक. समोर ग्रेट हॉल, म्हणजे घराचा मुख्य दिवाणखाना. चौकात शिरल्यावर उजव्या अंगाच्या कोपऱ्यात दोन पंचकोनी, दुमजली खिडक्या-सज्जे एकमेकांना जवळजवळ डोकं टेकवून उभे आहेत. त्यांच्या वरच्या पट्टीवर लेख कोरला आहे: विल्यम मॉर्टनने १५५९ मध्ये या खिडक्या केल्या आणि रिचर्ड डेल या सुताराने देवाच्या कृपेने त्या घडवल्या. मालकाबरोबर सुताराचंही नाव, तेही दर्शनी भागावर! मान वर करून शोधावं लागतं, नाहीतर हमखास सुटतं.

आत फर्निचर जवळपास नाही, त्यामुळे ‘आत काहीच नाही’ अशी तक्रार ऐकू येते. मूळच्या तीनच वस्तू उरल्या आहेत: जेवणाचं लांब मेज, एक मोठं गोल मेज आणि एक कपाट. यातल्या शेवटच्या दोन १५९९ च्या यादीतही नोंदलेल्या आहेत. रिकामं घर ही मला तरी सोय वाटते, भिंती आणि छत मोकळेपणी दिसतात.

पोकळवासा

उत्तम धागा. लाँग गॅलरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण या घराच्या वाकडेपणाचं मूळ तिथे आहे.

दक्षिणेची बाजू १५६०-६२ च्या सुमारास बांधली गेली. काम सुरू झाल्यावर कधीतरी ‘वर एक गॅलरीही काढू’ असं ठरलेलं दिसतं. म्हणजे खालचे दोन मजले ज्या हिशेबाने उभारायला घेतले त्यात तिसरा नव्हता. एसटीच्या टपावर ऐन वेळी आणखी पोती चढवावीत तसा प्रकार. गॅलरीची लांबी ६८ फूट आणि छपरावर कौलं नाहीत, ग्रिटस्टोन नावाच्या भरड वालुकाश्माच्या जाड फरश्या आहेत. हे वजन सतत, रात्रंदिवस, शतकानुशतकं.

त्यात दुसरी अडचण. लाकडी सांगाडा ताठ राहतो तो तिरप्या टेक्यांमुळे. खांब आणि तुळई यांचा चौकोन स्वतःहून तिरका होऊ शकतो, त्रिकोण होऊ शकत नाही. गॅलरीत दोन्ही अंगांना खिडक्यांची सलग रांग असल्यामुळे भिंतीत टेके घालायला जागाच फारशी उरली नाही. वरून दगडाचा भार, बाजूने वारा आणि भिंतीच्या जागी काच. परिणाम तुम्ही खंदकाबाहेरून पाहिलाच असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅलरीला पोलादी सळयांनी आवळलं. छताखाली आडव्या जाणाऱ्या सळया दिसल्या तर त्या ‘मूळच्या नाहीत’ म्हणून नाक मुरडू नका, त्यांनी छपराचा पसरता जोर धरून ठेवला आहे. कैचीचे (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटीचे) पाय बाहेर सरकू पाहतात, सळई त्यांना आत ओढते.

गॅलरीच्या दोन्ही टोकांना गिलाव्यातली रंगीत शिल्पं आहेत. एकीकडे चाकासह नशीब, दुसरीकडे गोलासह नियती. ही चित्रं रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६ च्या खगोलशास्त्राच्या पुस्तकावरून घेतलेली. बरोबरीच्या चिन्हाचा जनक तोच हा रेकॉर्ड. पावसाळी हवेत घरातली मंडळी इथे फेऱ्या मारत, खेळत. भिंतीवरच्या लाकडी फळ्यांच्या अस्तरामागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे चेंडू सापडले आहेत.

लोकलप्रवासी

> कुठे झोल आहे, कुठे भिंत बाहेर फुगली आहे

म्हणजे घर पडायला आलंय का? लहान मुलांना वर न्यायचं की नाही?

पोकळवासा

न्या बिनधास्त. वाकणं आणि पडणं वेगळं. हिरव्या, म्हणजे ओल्या, ओकचं लाकूड भाराखाली हळूहळू वाकतं आणि वाकलेल्या अवस्थेतच सुकून कडक होतं. बराचसा वाक पहिल्या काही दशकांतच येऊन जातो. काळजीचं लक्षण वेगळं: सांध्यातली जीभ खाचेतून बाहेर आलेली, खुंटी तुटलेली, लाकडात ताजी, फिकट रंगाची चीर. जुनी चीर आतून करडी आणि धुळीने भरलेली असते. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या चिरा सुकताना पडतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. आडवी किंवा तिरकी चीर, तीही सांध्याजवळ, तर मात्र विषय गंभीर. शिवाय अशा घरांची नियमित तपासणी होते, कधी एखादी खोली किंवा जिना बंद असतो तो त्याचमुळे. वाद घालू नका.

सुतारपक्षी

‘हिरवा ओक’ हा शब्द वर आला आहे, त्यावर थोडं. ही घरं मुरवलेल्या लाकडाची नाहीत. झाड पाडायचं, कुऱ्हाडीने चौकोनी करायचं आणि ओलं असतानाच पटाशी चालवायची. ओक एकदा सुकला की हत्यारांची धार खातो आणि जाड तुळई आतपर्यंत सुकायला इंचाला वर्ष असा ढोबळ हिशेब, एवढा कोण थांबणार?

सांधा असा: एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच. खाचेच्या दोन्ही बाजूंतून गिरमिटाने आरपार भोक पाडायचं. जीभ आत सरकवायची, भोकाची खूण तिच्यावर करायची, ती बाहेर काढायची आणि जिभेतलं भोक खुणेवर न पाडता सांध्याच्या खांद्याकडे तीनेक मिलिमीटर सरकवून पाडायचं. मग निमुळती, सुकलेली ओकची खुंटी ठोकली की ती दोन भोकं सरळ रेषेत आणू पाहते आणि सांधा आवळला जातो. खुंटी फाडून काढलेली हवी, करवतीने कापलेली नको. कापलेल्या खुंटीत रेषा तिरकी गेली की ठोकतानाच तुटते. जुन्या घरांत खुंट्यांची टोकं बाहेर राहिलेली दिसतात, ती तशीच सोडायची पद्धत.

सरकवण्याचं माप चुकलं की दोन प्रकारे बिघडतं. जास्त सरकवलं तर खुंटी चिरडते किंवा जिभेचं टोक फाटतं. कमी सरकवलं तर लाकूड आकसल्यावर सांधा ढिला. ओक आकसतो तो वर्तुळांच्या दिशेने ७ ते १० टक्के, केंद्राकडे त्याच्या निम्मा, लांबीत जवळपास शून्य. म्हणून तुळई बारीक होते, आखूड होत नाही.

लोखंडी खिळे का नाहीत? ओकमध्ये टॅनिन असतं. ओलाव्यात ते लोखंड खातं आणि लाकडावर निळे-काळे डाग पाडतं. नंतरच्या दुरुस्त्यांत कुणी खिळे मारले असतील तिथे असे ओघळ दिसतात, दुरुस्ती ओळखण्याची ती सोपी खूण.

अजून एक बघायचं: सुतारांच्या खुणा. सांगाडा आधी कारखान्याच्या अंगणात आडवा जुळवत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारखा आकडा पाडत, सगळं सुटं करत आणि गाडीवर लादून जागेवर उभं करत. आकडे रोमन, कारण पटाशीने सरळ रेघच मारता येते. चार बहुधा चार रेघांचा. खिडकीतून तिरपा उजेड पडतो तेव्हा सांध्याच्या आसपास बोटभर लांबीच्या रेघा शोधा. लाकडाला हात लावू नका, मोबाइलचा टॉर्चही भिंतीला समांतर धरून लावायचा, समोरून नाही. तोही तिथल्या स्वयंसेवकांना विचारून.

आणि रिकाम्या खाचा! एखाद्या तुळईच्या खालच्या अंगाला ओळीने खाचा आहेत पण त्यात काही बसलेलं नाही, म्हणजे तिथे पूर्वी भिंत होती किंवा तुळई दुसरीकडून आणली. असं घर मुळात सुटं करण्याजोगं असतं. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरला तर १९१० नंतर केंटमधल्या बेनेंडन गावातलं अख्खं लाकडी घर सुटं करून आणलं आणि जुन्या घराला जोडलं. एडविन लुटियन्सचं काम. दिल्लीवाला लुटियन्स तोच.

कंदील

माहिती छान. पण एक मुद्दा कुणीच काढला नाही. हे काळ्या लाकडाचं आणि पांढऱ्या भिंतींचं रूप ट्यूडर (सोळाव्या शतकातलं) नाहीच. या भागातल्या बहुतेक घरांचं लाकूड मूळचं रंगाविना, ऊनपावसाने रुपेरी-करडं झालेलं आणि लाकडांच्या मधली भिंतीची भरण पिवळसर मातकट रंगाची असे. काळा रंग ही एकोणिसाव्या शतकाची हौस. लोक ‘अस्सल ट्यूडर’ म्हणून ज्याचे फोटो काढतात ते व्हिक्टोरियन रंगकाम आहे. माझं मत: डांबर आणि काळा रंग उतरवून टाकावा. लाकडाला श्वास मिळेल.

पोकळवासा

> डांबर आणि काळा रंग उतरवून टाकावा

इतिहास बरोबर, उपाय पटत नाही. उतरवणार कसा? सँडब्लास्ट केलं तर ओकचा मऊ भाग उडतो, कठीण रेषा उरतात, सुताराच्या खुणा आणि कुऱ्हाडीचे घाव जातात ते कायमचे. रसायन वापरलं तर ते चिरांत मुरतं. डांबराचा जाड थर पाणी कोंडतो हे खरं, पण तो थर कुठे तडकला आहे आणि पाणी कुठे शिरतंय एवढंच पाहून तिथे इलाज करणं जास्त शहाणपणाचं. शिवाय शंभराहून जास्त वर्षं हे घर असं दिसतंय. तोही त्याचा इतिहासच.

कंदील

‘शंभर वर्षं चूक केली म्हणून ती चालू ठेवा’ हे काही पटलं नाही. निदान नवा थर तरी देऊ नये.

पोकळवासा

एवढं मान्य.

दोनतिकिटं

आईबाबा भारतातून येत आहेत, बाबांना गुडघ्याचा त्रास. गाडी नाही. ट्रेनने जमेल का? किती वेळ हाताशी ठेवावा?

उंबरठा

जवळची स्टेशनं दोन: किड्सग्रोव्ह साधारण तीन मैल, काँगल्टन साडेचार. दोन्ही मँचेस्टर-स्टोक मार्गावर. तिथून टॅक्सी, आणि ती आधी ठरवून ठेवा, परतीचीसुद्धा. ए३४ वरून चालत जायचा विचार नको, गाड्या वेगात असतात. गाडी भाड्याने घेतली तर एम६ च्या १७ नंबरच्या जंक्शनला बाहेर पडून काँगल्टनमार्गे या.

बाबांसाठी: तळमजला, चॅपल आणि बाग बघण्यासारखं भरपूर आहे. लाँग गॅलरीला गोल जिना आहे, पायऱ्या झिजलेल्या आणि वर जमीन उतरती. गुडघेदुखीला चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास. ते चौकात बाकावर बसून डेलच्या खिडक्या बघतील, तुम्ही वर जाऊन या. चौकातले गोटे ओले झाले की निसरडे होतात, आईंना चपलांऐवजी बूट घालायला सांगा. व्हीलचेअर तळमजल्यापुरतीच. घर आणि बाग मिळून तीन तास धरा.

हिवाळ्यात घर बंद असतं आणि उघडण्याचे वार दरवर्षी बदलतात. निघण्यापूर्वी ट्रस्टच्या साइटवर त्याच दिवसाची वेळ बघा. ट्रस्टचे सभासद असाल तर प्रवेश फुकट.

चॅपलच्या शेजारून घाईने पुढे जाऊ नका, भिंतींवर रंगवलेली बायबलमधली वचनं आहेत. आणि पार्लरमधली (बैठकीच्या खोलीतली) चित्रं चुकवू नका. १९७६ मध्ये भिंतीवरच्या जॉर्जियन लाकडी फळ्या काढल्या तेव्हा मागे सोळाव्या शतकातली रंगवलेली भिंत निघाली: खालच्या भागात लाकडी फळ्यांचा आभास देणारी रंगीत नक्कल आणि वर बायबलमधल्या सुझानाच्या गोष्टीची पट्टी. मॉर्टन घराण्याचं चिन्ह असलेलं लांडग्याचं डोकं आणि ‘जे. एम.’ ही अक्षरंही आहेत. जॉन मॉर्टन १५९८ मध्ये वारला, त्यावरून काम त्याआधीचं ठरतं. फळ्यांनी झाकल्यामुळेच ती चित्रं टिकली.

लोकलप्रवासी

काचा खालून जाड, वरून पातळ झाल्या आहेत कारण काच हळूहळू वाहते असं ऐकलं होतं. इथे दिसतं का?

सुतारपक्षी

काच वाहत नाही. फुंकून केलेली जुनी काच मुळातच असमान जाडीची असे. या घरात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले सुमारे ३०,००० तुकडे आहेत, चौकोन, शंकरपाळे, गोल, त्रिकोण, आणि त्यातले बरेच मूळचे. तुकड्यातुकड्याला रंगाची छटा वेगळी, काही हिरवट, काही पिवळट. बाहेरून तिरकं पाहिलं की प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात चमकतो, कारण अख्खी जाळी फुगलेली असते. फुगते ती काच नव्हे, शिसं. ते मऊ, उन्हाने प्रसरण पावतं, पुन्हा पुरतं आकसत नाही आणि वाऱ्याच्या दाबाने पोट काढतं. म्हणून जाळीच्या मागे आडव्या लोखंडी कांब्या असतात आणि जाळी त्यांना तांब्याच्या तारेने बांधतात. तार तुटली की पोट वाढतं, मग काचा सुटतात. तार बघा, कुठे नवी आहे ते लगेच कळतं.

वळचण

मधल्या भरणीबद्दल कुणी लिहिलं नाही. कोकणातल्या कुडाच्या भिंतीसारखीच पद्धत ना ही? कारवीच्या जागी काय? आणि जुन्या वाड्यांच्या सागाला वरचं सगळं लागू होतं का?

पोकळवासा

हो, कूडच. चौकटीच्या वरच्या लाकडाला भोकं, खालच्याला सलग खोबण. ओकच्या फाडलेल्या काठ्या वर भोकात घालून खाली खोबणीत सरकवायच्या, त्यांच्यात हेझलच्या फांद्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून, चिकणमाती, शेण आणि पेंढ्याचा लगदा दाबायचा. एकाच बाजूने दाबला तर तो विणीला धरत नाही, सुकल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. वर केस मिसळलेल्या चुन्याचा गिलावा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. मग चुन्याची पातळ सफेदी, चार-पाच हात. जाड हात दिला की पोपडे धरतात. काही चौकटींत नंतरच्या काळात विटा भरल्या जातात. त्या जड, पाणी धरणाऱ्या आणि चौकटीला बाहेर ढकलणाऱ्या.

सगळ्यांत मोठा शत्रू सिमेंट. लाकूड ऋतूनुसार हलतं, सिमेंट हलत नाही, मग दोघांच्या मध्ये केसभर फट पडते. पावसाचं पाणी त्या फटीतून आत जातं आणि सिमेंटमुळे बाहेर येऊ शकत नाही. ते खाली उतरतं ते थेट पायथ्याच्या आडव्या तुळईत. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर गेला की बुरशी धरते. बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये डेथवॉच भुंगेरा अंडी घालतो, अळी आत दहा वर्षंसुद्धा राहू शकते. बाहेर पडतानाचं भोक ३ मिलिमीटरचं. साध्या फर्निचरच्या किड्याचं दीड-दोनचं, म्हणून माप घेतल्याशिवाय घाबरू नये. औषध फवारून काही होत नाही, अळी खोल असते. ओलावा तोडला की तिचं जगणं अवघड होतं. फटीत सिलिकॉन भरणं हाही सिमेंटचाच भाऊ.

आता वाडे. तत्त्व तेच, तपशील वेगळा. सागात तेल असतं, तो मुरवून वापरत आणि आपल्याकडचा मुख्य शत्रू वाळवी. पण इथे सांगाडा दगडी जोत्यावर उचलून धरला आहे आणि वाड्यात खांब तळखड्यावर उभा असतो, कारण एकच: लाकडाचा बुंधा मातीला लागू द्यायचा नाही. वाड्यांची दुरुस्ती करताना तळखड्याभोवती काँक्रीटचा कोबा ओतून खांबाचा पाय त्यात गाडतात, तेव्हा हीच गोष्ट उलटी होते. पाच-दहा वर्षांत खांब खालून पोकळ.

हिरवीकात्री

सगळे लाकडातच अडकलेत! बागेला कुणी वाली नाही.

खरं सांगायचं तर बाग छोटी आहे आणि मूळची नाही. मूळ आराखड्याची नोंदच उरलेली नाही. १९७२ मध्ये जी नॉट गार्डन (छाटलेल्या झुडपांच्या गुंफलेल्या पट्ट्यांची नक्षीदार बाग) लावली ती लिओनार्ड मीगरच्या १६७० च्या बागकामाच्या पुस्तकातल्या नक्षीवरून. म्हणजे घर १५०४ चं, नक्षी १६७० ची, लागवड १९७२ ची. हे लक्षात ठेवून बघितलं तर फसगत होत नाही. अस्सल आहेत ते दोन मातीचे उंचवटे, एक खंदकाच्या आत, दुसरा बाहेर नैर्ऋत्येला. सोळाव्या शतकात असे उंचवटे मुद्दाम रचत, कारण गुंफलेली नक्षी जमिनीवरून कळतच नाही. जमिनीवरून नुसती गुडघाभर झुडपं दिसतात, उंचावरून एक पट्टी दुसरीच्या खालून जाते असा भास होतो.

हा भास टिकवणं हेच खरं काम. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे ‘वरची’ पट्टी सलग कापायची आणि ‘खालची’ तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर उतरती करायची. कात्री धरणाऱ्याने एकदा उलटं केलं की गुंफण मोडते आणि ती परत यायला दोन हंगाम जातात.

अशा बागांचं परंपरागत झुडूप बॉक्स. रोपं हाताच्या वितीपेक्षा जवळ, मीटरला पाच-सहा. छाटणी जूनच्या सुरुवातीला, कडाक्याची थंडी परतण्याची भीती संपल्यावर. हवी तर दुसरी हलकी ऑगस्टअखेर. सप्टेंबरच्या मध्यानंतर छाटली तर कोवळी पालवी थंडीत करपते. भर उन्हात छाटली तर कापलेल्या कडा तांबूस होतात, पावसात छाटली तर बॉक्स ब्लाइट बुरशी पसरते. म्हणजे ढगाळ पण कोरडा दिवस हवा, आणि इंग्लंडात तो मागून मिळत नाही. ब्लाइटची खूण: पानांवर तपकिरी ठिपके, काड्यांवर काळ्या रेघा, मग पानगळ. गळलेल्या पानांत बीजाणू काही वर्षं जिवंत राहतात, म्हणून छाटण कंपोस्टात टाकायचं नाही आणि पाती दर वाफ्यानंतर पुसायची. दुसरं संकट बॉक्स पतंगाची अळी, हिरवी-पिवळी, अंगावर काळे पट्टे, पानांत जाळं करून बसते. दोन्हींमुळे कित्येक बागांत बॉक्स काढून जपानी होली किंवा यू लावतात. ट्यूडर काळाशी इमान राखायचं तर जर्मांडर किंवा सांतोलिना जास्त योग्य, कारण तेव्हाच्या गुंफणीत सुगंधी झुडपंच जास्त वापरत. पण ती दहाएक वर्षांत बुडाशी बोडकी होतात, मग सगळी बदला.

यूच्या झाडांचा बोगदा आहे, मुलांना तिथून ओढून काढावं लागतं. लाल फळाचा गर सोडला तर यूचा प्रत्येक भाग विषारी, बी सर्वांत घातक. तोंडात काही घालू देऊ नका.

फळबागेत ट्यूडर माणसाला ओळखीची फळं: सफरचंद, पेअर, क्विन्स, मेडलर. बहर पाहायचा तर एप्रिल-मे, फळं पाहायची तर ऑक्टोबर.

कंदील

उंचवट्यावरून फोटोला वेळ कुठली? आणि घराच्या प्रतिबिंबाचा?

हिरवीकात्री

नक्षीसाठी सकाळ किंवा संध्याकाळ, ऊन तिरपं हवं. दुपारी पट्ट्यांच्या सावल्या पडत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं. प्रतिबिंबासाठी दक्षिणेची बाजू, तिला दिवसभर ऊन मिळतं. अट एकच, वारा नको. वारा सकाळी कमी असतो पण दार उशिरा उघडतं, तेव्हा दार उघडल्या उघडल्या घरात न शिरता बाहेरचे फोटो आधी काढा. उंबरठा यांचा क्रमही तोच आहे.

दोनतिकिटं

धन्यवाद सगळ्यांना. हे लांब पडलं तर जवळपास असंच दुसरं काही? आणि ते मेडलर खातात कसं? आईला लोणच्याचा वास आला आहे.

उंबरठा

लिव्हरपूलला उतरत असाल तर स्पीक हॉल, विमानतळाला लागून. मुख्यतः सोळाव्या शतकातलं. चौकात ‘ॲडम’ आणि ‘ईव्ह’ नावाची दोन जुनी यूची झाडं आहेत. तिथे फर्निचर आहे, त्यामुळे घरातली वस्ती कळते, पण सांगाडा इथल्याइतका उघडा नाही. मँचेस्टरच्या बाजूला स्टॉकपोर्टजवळ ब्रॅमल हॉल. बागेसाठीच जायचं असेल तर सरळ दक्षिणेला ग्रेट डिक्स्टर गाठा, बागेत लिटल मॉर्टनची त्याच्याशी बरोबरी नाही.

हिरवीकात्री

मेडलर झाडावरून काढलं तर कडक आणि तुरट, लोणच्यात चाललं असतं कदाचित, पण तिथली फळं तोडायची नाहीत! विकत मिळाली तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पेंढ्यावर एकेक सुटं ठेवायचं, देठ वर आणि उघडं तोंड खाली, थंड जागी, दोन-तीन आठवडे. गर तपकिरी आणि मऊ झाला की तयार. तोंडाशी पांढरी बुरशी आली तर ते फेकायचं, तपकिरी झालं म्हणून मात्र फेकू नका, लोक नेमकं तेच करतात. चमच्याने गर काढून खातात. जेली करायची तर निम्मी फळं कडकच घ्यायची, पेक्टिन त्यांच्यातच जास्त. सगळी मऊ घेतली की जेली धरत नाही, पाकच राहतो.